मिरचीची चिकित्सक आवृत्ती

दिवाळीनंतर नंदुरबारभोवतीच्या मोकळ्या रानांत मिरचीच्या पथाऱ्या लाल होऊ लागतात. पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आलेले हे फळ आज इथल्या बाजाराची ओळख आहे. छायाचित्रणाच्या इतिहासातही त्याच्या एका भावंडाला मान आहे. ऑगस्ट १९३० मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड वेस्टन यांनी पत्र्याच्या नरसाळ्यात ढोबळी मिरची ठेवून नैसर्गिक प्रकाशात ती टिपली.

जवळून टिपताना भिंगाला वस्तूचा पातळ थरच स्पष्ट दिसतो. त्या काळी उपाय एकच होता : भिंगाचे छिद्र बारीक करायचे आणि प्रकाशाला जास्त वेळ द्यायचा. १९३२ साली वेस्टन, अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स प्रभृतींनी आपल्या मंडळाला अशा छिद्राचेच नाव दिले, ‘ग्रुप एफ/६४’. पण छिद्र फार बारीक केले, की विवर्तनामुळे सारेच चित्र मऊ पडते. १९६४ साली डॅन मॅकलाक्लन यांनी दुसरी वाट मांडली : प्रकाशाच्या पातळ पट्ट्यातून वस्तू हळूहळू सरकवायची. आजचे ‘फोकस स्टॅकिंग’ याच विचाराजवळचे आहे. फोकस थोडा थोडा सरकवत अनेक चित्रे घ्यायची. संगणक प्रत्येकातला स्पष्ट भाग निवडून जोडतो.

मिरचीचा देठ फुलफ्रेम कॅमेऱ्यात मूळ आकारात घेतला, तर एफ/८ ला जेमतेम एक मिलिमीटर स्पष्ट येतो. सेंटीमीटरभर खोलीसाठी, कडा एकमेकींवर येतील अशी, पंधरा-वीस चित्रे लागतात. मी उत्तरेच्या खिडकीशी बसतो, कारण या दिवसांत तिथून थेट ऊन येत नाही. पंखा बंद, प्रकाशमोजणी आणि रंगसमतोल हाताने कायम केलेले. मध्येच ढग आला, तर पहिल्यापासून सुरुवात.

असे जोडचित्र कोणत्याही एका क्षणाचे नसते. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिचा संपूर्ण पाठही कोणत्या एका हस्तलिखितात जसाच्या तसा नाही. पण पाठभेद तळाशी छापलेले आहेत, म्हणून ती तपासता येते.

आमच्या जोडचित्रांना हा तळ नसतो. सातपुड्यातला चांदीचा एखादा जुना दागिना उद्या मुशीत गेला, तर चित्र तेवढे उरेल. जोडताना कडेला उमटलेली खोटी रेघ मग कुणी कारागिराची खूण समजेल. म्हणून मूळ चित्रे पुसू नयेत. ती किती, केव्हा आणि कोणत्या प्रकाशात घेतली, याची नोंद सोबत ठेवावी. संपादकाने पाळायची शिस्त छायाचित्रकारालाही चुकत नाही.