आजोबांची चिकटवही आणि कोपऱ्यातला पांढरी टोपीवाला

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटच्या तयारीत असतील. प्राथमिक साधन म्हणजे काय, दुय्यम साधन म्हणजे काय, हे तुम्ही पाठ केलेलं असणार. मीही केलं होतं. एमएस्सी रसायनशास्त्रात झाली, पीएचडीला विषय मिळाला जुन्या छायाचित्रांच्या कागदाची झीज. मला वाटायचं, व्याख्यांचं काम इतिहासवाल्यांचं, आपण फक्त कागद तपासायचा. पण घरातल्याच एका वहीने ती समजूत मोडली. आज त्या वहीबद्दल सांगते. कारण उद्या तुमच्यापुढेही अशी वही येईल, आणि ती उघडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही काय करता यावर पुढचं बरंच अवलंबून असेल.

आम्ही मूळचे कामठीचे. नागपूरपासून पंधरा-सोळा किलोमीटर, कन्हान नदीच्या काठी. इंग्रजांनी १८२१ मध्ये इथे छावणी वसवली आणि तिच्या आधाराने गाव वाढलं. छावणीच्या पलीकडची कामठी मात्र विणकरांची आणि विडी कामगारांची. माझे आजोबा विडी वळायचे. शाळा चौथीपर्यंत. पण त्यांनी एक चिकटवही केली होती. लाल कापडी पुठ्ठ्याची जुनी हिशेबवही घेतली आणि तिच्या आकड्यांवर सरळ फोटो आणि कात्रणं चिकटवली. सगळं कृष्णधवल. खाली जांभळ्या पेन्सिलीने नावं.

त्यातल्या एका पानावर अफाट गर्दीचं चित्र आहे. वर लिहिलंय, ‘१४ ऑक्टोबर १९५६, नागपूर’. उजव्या कोपऱ्यात पांढरी टोपी घातलेला एक माणूस. आजी लहानपणापासून मला दाखवायची, “हा पाय पोरी, हा तुहा आबा.” बाबासाहेबांनी ज्या दिवशी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली, त्या दिवसाचा आमच्या घरातला पुरावा म्हणजे तो कोपरा.

मागच्या वर्षी मी ते पान भिंगाखाली धरलं.

आधी थोडा चिकटवण्याचा इतिहास

फोटो वहीत चिकटवणं हा छंद म्हणून सुरू झाला असं आपल्याला वाटतं. पण सुरुवातीला त्यामागे साधी तांत्रिक अडचण होती. छापखान्यात अक्षरांसोबत फोटो छापताच येत नसे. मग पुस्तकात फोटो हवा असेल तर प्रत्येक प्रतीत खराखुरा फोटो हाताने चिकटवायचा. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि १८५६ पासून विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक काढलं. त्याच्या अंकात चिकटवलेले फोटो असत. हे फोटो अल्ब्युमिन पद्धतीचे, म्हणजे कागदावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर आणि त्यात चांदीचे सूक्ष्म कण.

पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. त्यातही चारशेहून अधिक फोटो चिकटवलेले. पण तिथे माणसं कशी चिकटवली आहेत ते बघा. बहुतेकांना नाव नाही. जात, जमात, प्रदेश आणि सोबत स्वभावाचं वर्णन. एखाद्या प्राणिसंग्रहाची यादी करावी तसं.

आता आजोबांची वही शेजारी ठेवा. त्या खंडांत ज्यांना फक्त जातीने ओळखलं गेलं असतं, तेच लोक इथे नावानिशी आहेत. अमक्याची बायको, तमक्याचा मुलगा, कारखान्यातला जोडीदार. तंत्र तेच, चांदीचा फोटो आणि खळ. चिकटवणारा बदलला की नोंद बदलते. म्हणून चिकटवही हाती आली की पहिला प्रश्न हा विचारा: हे कोणी चिकटवलं, आणि कोणासाठी?

भिंगात काय दिसलं

दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या. घड्याळवाल्यांकडे असतं तसं. खरा चांदीचा फोटो भिंगाखाली सलग दिसतो, राखाडी छटा एकमेकींत विरघळत जातात. छापील चित्र मात्र ठिपक्यांचं असतं. गडद जागी मोठे ठिपके, उजळ जागी बारीक. वर्तमानपत्रात ही जाळी जाडसर असते, इंचाला साधारण ६५ ते ८५ ओळी.

आजोबांच्या त्या पानावर ठिपके होते.

म्हणजे तो फोटो नव्हता, वर्तमानपत्राचं कात्रण होतं. आमच्या घरात छापलेला आणि धुतलेला हा फरक कोणी कधी केलाच नव्हता. फोटो म्हणजे फोटो. इथवरही ठीक होतं, कात्रण त्याच आठवड्यातलं असू शकत होतं. म्हणून मागची बाजू बघायची ठरवली. कात्रण फक्त चार कोपऱ्यांना चिकटवलेलं होतं. त्याच्या आणि पानाच्या मधे पातळ एलईडी पत्रा अलगद सरकवला, मोबाइलने फोटो घेतला आणि तो उलटा फिरवला. मागे कसलीशी जाहिरात होती, अर्धी कापलेली. त्यात किंमत छापलेली, ‘नये पैसे’.

आपल्याकडे दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ला. तोपर्यंत आणे-पै. आणि ‘नया’ हा शब्द अधिकृतपणे गेला १ जून १९६४ला. तेव्हा हे कात्रण १९५६च्या ऑक्टोबरमधलं असूच शकत नाही. ते त्यानंतरचं, बहुधा १९५७ ते १९६४ मधलं. एखाद्या वर्धापनदिनाच्या अंकातून आजोबांनी कापलेलं असावं, असा माझा अंदाज. अंदाज आहे, हे वहीत तसंच लिहून ठेवलं.

आणि पांढरी टोपीवाला? त्याचा चेहरा मोजून दहा-बारा ठिपक्यांचा. नाक नाही, डोळे नाहीत. त्यात आजोबा असतीलही. पण या चित्रावरून ते सिद्ध होत नाही.

खरं सांगायचं तर त्या रात्री मला झोप लागली नाही. विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून निष्कर्ष स्वच्छ होता. नात म्हणून वाटत होतं, भिंग लावायलाच नको होतं.

त्याच वहीतला दुसरा धडा

आणखी एक पान सांगते, कारण पद्धत समजायला ते उपयोगी आहे. कामठीचे बाबू हरदास एल. एन. तुम्हाला माहीत असतील. १९०४चा जन्म, विडी कामगारांची संघटना बांधली, १९३७ मध्ये मध्य प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १९३९च्या जानेवारीत, पस्तिशीतच गेले. ‘जय भीम’ हे अभिवादन रुजवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. आजोबांच्या वहीत त्यांचा एक फोटो आहे. हा मात्र ठिपक्यांचा नाही, खरा चांदीचा.

मग तो १९३९च्या आधीचा धरायचा का? थांबा. आम्ही अंधारात त्यावर अतिनील दिवा थोडा वेळ धरला. कागद निळसर चमकला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात जी रसायनं घालतात ती फोटोच्या कागदात १९५०च्या दशकापासून येऊ लागली. म्हणजे माणूस १९३०च्या दशकातला, पण कागद किमान दहाएक वर्षं नंतरचा. जुन्या फोटोचा कोणीतरी पुन्हा फोटो काढून प्रती केल्या असणार. काळोख्या भागातले बारकावे बुजले आहेत, तेही याच्याशी जुळतं.

हीच युक्ती अमेरिकेत गाजली होती. लुइस हाइन हा बालकामगारांचे फोटो काढणारा छायाचित्रकार १९४०ला गेला. त्याच्या हातच्या म्हणून विकलेल्या काही प्रती अतिनील प्रकाशात चमकल्या. पॉल मेसियर या तज्ज्ञाने असे कागद अभ्यासले आणि त्या प्रती हाइनच्या मृत्यूनंतरच्या निघाल्या. तिथे प्रश्न पैशांचा होता. आपल्याकडे वेगळा आहे. नेत्याच्या मृत्यूनंतर किमान दहाएक वर्षांनी त्याच्या फोटोच्या प्रती निघतात, विडी कामगाराच्या वहीपर्यंत पोचतात, म्हणजे त्याची आठवण गावात चालती होती. ‘मूळ नाही’ म्हणून ही प्रत बाजूला टाकली असती तर हे कळलं नसतं.

लक्षात ठेवा, प्रत्येक फोटोला किमान तीन तारखा असतात. प्रसंग घडल्याची, ही प्रत निघाल्याची आणि ती वहीत चिकटवल्याची. शोधनिबंधात यातली कोणती तारीख तुम्ही देताय ते स्पष्ट लिहा. चमक नसेल तर फोटो जुनाच असं मात्र म्हणू नका. तशी रसायनं नसलेले कागद नंतरही निघत होते.

माझी चूक

हे सगळं शिकण्याआधीची गोष्ट. एमएस्सीला असताना मला त्या वहीतला आजोबांच्या बहिणीचा फोटो स्कॅन करायचा होता. पानासकट स्कॅन केला तर सावली येते म्हणून मी ब्लेडने तो काढला. खळ घट्ट होती. जुन्या कृष्णधवल फोटोला खाली कागद, मधे बेरियम सल्फेटचा पांढरा थर आणि वर जिलेटिनमध्ये चांदी असे तीन थर असतात. मी खालच्या कागदाचा अर्धा पापुद्रा पानावरच सोडला. त्या पापुद्र्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. आता दोन अक्षरं लागतात, बाकी खळीत गेली. त्या आजीबाईंच्या सासरचं गाव आज घरात कोणालाच ठाऊक नाही. बहुधा तेच तिथे लिहिलेलं होतं.

म्हणून कळकळीने सांगते, फोटो वहीतून काढू नका. पुढचा क्रम पाळा.

आधी वही बंद असताना, मग प्रत्येक पान पूर्ण, रिकामी पानंही धरून, फोटो घ्या. पानांचे क्रमांक वेगळ्या कागदावर लिहा, वहीवर नाही. समोरासमोरची पानं एकत्र टिपा. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन असतं, तो पिवळा पडतो आणि समोरच्या पानावर आपला पिवळा चौकोन उमटवतो. आमच्या वहीत एका ठिकाणी असा चौकोन आहे, पण समोर कात्रण नाही. म्हणजे तिथून काहीतरी गळालंय, एवढं तरी कळलं.

फोटोच्या कडांना चांदीसारखी निळसर झाक दिसेल. ती पुसायला जाऊ नका. चांदीचे कण हवेतल्या वायूंनी विरघळून पृष्ठभागावर येतात, त्याची ती खूण. घासलं तर चित्रही जाईल. खळीला कसर लागते, म्हणून वही कोरड्या जागी ठेवा. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात ते याच भीतीने. पानांच्या मधे आम्लरहित कागद घाला. आणि घरच्यांना नवी चिकटवही करायची हौस असेल तर जरूर करा, पण प्रती काढून. त्या चिकट पानांवर प्लॅस्टिक ओढायच्या अल्बममध्ये मूळ फोटो कधीच नको. काही वर्षांत ते सुटतच नाहीत. कागदी कॉर्नर लावले की डिंकाचा फोटोशी संबंधच येत नाही, आणि फोटो उलटून मागचं वाचताही येतं.

शेवटी एक तक्ता करा. पहिल्या रकान्यात ‘काय दिसतं’, दुसऱ्यात ‘घरचे काय सांगतात’, तिसऱ्यात ‘काय तपासलं’. हे तीन रकाने एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. माझ्या गाइड मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, कारकुनी काम आहे. नंतर कळलं, दुसरा रकाना आमच्या घरात कोणी कधी भरलाच नव्हता.

आजीला सांगितलं

महिनाभर टाळलं. मग एका दुपारी वही घेऊन तिच्याजवळ बसले. भिंग तिच्या हातात दिलं, ठिपके दाखवले, नये पैशांचं सांगितलं. टोपीवाला आबाच आहे असं म्हणता येत नाही, हेही सांगितलं. तिने बराच वेळ भिंगातून बघितलं.

मग म्हणाली, “तो फोटोत हाय म्हणून गेला व्हता असं म्या कधी म्हटलं? तो गेला व्हता, म्हणून म्या त्याले फोटोत पायते.”

मी काहीच बोलले नाही. तीच पुढे म्हणाली, “अन् मी बी होती ना तेथं.”

अठ्ठावीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं. माझ्या वडिलांनाही नव्हतं. ती तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची. वस्तीतल्या बायांसोबत गेली होती. पांढरं लुगडं शेजारणीकडून मागून आणलेलं, ते परत करताना धुऊन द्यायचं म्हणून चिखल लागू नये ही काळजी. गर्दीत आबा आणि ती वेगळे झाले, संध्याकाळी उशिरा भेटले. ती दोन तास बोलली, मी रेकॉर्ड केलं. इतकी वर्षं कोणी विचारलंच नाही, कारण घराचा पुरावा त्या कोपऱ्यात चिकटवलेला होता आणि त्यात फक्त आबा होता.

वहीतलं ते पान जसं होतं तसंच आहे. माझ्या तक्त्यात त्यापुढे पहिल्या रकान्यात लिहिलंय, छापील कात्रण, गर्दी, चेहरा ओळखता येत नाही. तिसऱ्यात, १ एप्रिल १९५७ नंतरचं. दुसऱ्या रकान्यात जागा पुरली नाही, म्हणून चौदा पानं जोडली आहेत.

तुमच्या घरी अशी वही असेल तर पाहा. आणि ती ज्यांच्या कपाटात आहे, त्यांना आधी विचारा.