सरकारी शाळा की खासगी शाळा? निवड करताना काय पाहावे

मूल पहिलीत घालायची वेळ आली की घराघरांत ‘सरकारी की खासगी’ ही चर्चा सुरू होते. महाराष्ट्रात प्रत्यक्षात पर्याय तीन आहेत: जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या शाळा, संस्थेने चालवलेल्या, पण शिक्षकांचा पगार शासनाकडून मिळणाऱ्या अनुदानित शाळा, आणि फीवर चालणाऱ्या विनाअनुदानित शाळा.

खर्चाचा हिशेब

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके आणि दुपारचा पोषण आहारही मोफत मिळतो.

विनाअनुदानित शाळेत फीशिवाय बस, गणवेश, वह्यापुस्तके, सहल आणि बहुधा शिकवणी हा खर्च येतो. पहिल्या वर्षाची फी जमली एवढ्यावर निर्णय घेऊ नये. धाकट्या भावंडासह दहावीपर्यंतचा हिशेब मांडावा. देणगी मागणे किंवा प्रवेशासाठी मुलाची अथवा पालकांची मुलाखत घेणे कायद्याने मना आहे. फीवाढीसाठी २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते.

२५ टक्के राखीव जागा

विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित गटांतील आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्या लागतात. दुर्बल घटकासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे. २०२४ मध्ये राज्य शासनाने सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या १ किलोमीटर परिसरातील खासगी शाळांना यातून सूट दिली होती; मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती रद्द केली. ही सवलत आठवीपर्यंतच असते. नववीपासूनच्या फीची तयारी आधीच ठेवावी लागते.

शिकणे कुठे चांगले होते?

आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सोडत काढून काही मुलांना खासगी शाळेची फी देण्यात आली. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात ही मुले आणि सोडत न लागलेली मुले सारखीच निघाली. खासगी शाळेतली मुले हिंदीत मात्र पुढे होती. खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहून कमी होता.

म्हणजे नुसत्या पाटीवरून शाळेचा दर्जा कळत नाही. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळवणारे रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. दुसरीकडे, पट घसरलेल्या वाडीवस्तीवरच्या शाळेत एक-दोन शिक्षकांना सगळे वर्ग सांभाळावे लागतात, हेही खरे आहे.

माध्यम

अनेक पालक खासगी शाळा निवडतात ती इंग्रजीसाठी. मात्र घरी किंवा शिक्षकांना ती भाषा नीट येत नसेल, तर मूल गणित आणि परिसर अभ्यासही पाठ करू लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी हा विषय असतो.

शाळेत जाऊन काय पाहावे?

- शाळेला मान्यता आणि यू-डायस क्रमांक आहे का?
- वर्गात मुले किती? पहिली ते पाचवीसाठी कायद्याचे प्रमाण ३० मुलांमागे १ शिक्षक असे आहे.
- शिक्षक दरवर्षी बदलतात का?
- तिसरीचे मूल अनोळखी उतारा वाचते का?
- मुलींसाठी वापरण्याजोगे स्वच्छतागृह आहे का?
- घरापासून ये-जा करायला किती वेळ लागतो?

निर्णय चुकला तर

आठवीपर्यंत कोणत्याही शाळेतून सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा मुलाला हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. माध्यम बदलायचे असेल तर मात्र ते खालच्या इयत्तेतच बदललेले मुलाला सोपे जाते.