तळटीप १७ : 'मायनर लीगवाला पोरगा'

१७. पौडच्या टपरीवरची ही मंडळी फँटसी क्रिकेटचे संघ लावत. खरे खेळाडू आपल्या यादीत घ्यायचे आणि त्यांच्या धावा-बळींवर गुण मोजायचे. 'मायनर लीगवाला' हा शब्द मात्र अमेरिकी बेसबॉलचा. तिथे मुख्य लीगखाली ट्रिपल-ए, डबल-ए अशा पायऱ्या असतात. पारखी लोक खेळाडूच्या एकेका कौशल्याला २० ते ८० असा आकडा देतात. आणि नुसती कामगिरी न बघता, त्या पायरीवर त्याचं वय काय, हे आधी विचारतात. मुळशीशेजारच्या मावळातलं गहुंजेचं मैदान ही आपल्याकडची तशी पायरी. २०२३च्या पहिल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये १८ वर्षांच्या अर्शिन कुलकर्णीने तिथे ५४ चेंडूंत ११७ धावा कुटल्या, त्यांत १३ षटकार; टपरीवरचा 'पोरगा' तो हाच. आयपीएलच्या लखनौ संघाने त्याला २० लाखांना घेतलं. आयपीएलच्या पहिल्याच सामन्यात तो पहिल्या चेंडूवर बाद झाला. लेखक इथे 'फुगा फुटला' म्हणतो, ते मला घाईचं वाटतं. षटकार खरेच होते. समोरची गोलंदाजी कोणत्या पायरीवरची, एवढंच टपरीवर कुणी विचारलं नव्हतं. पैसे लावून ऑनलाइन खेळायच्या अशा फँटसी खेळांवर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. – संपा.