मुंबईच्या दाराशी ‘लांडगा’

आजचा विषय समुद्रावरील युद्धाचा आहे हे कळताच आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनी विचारले, “गोदाकाठच्या माणसांना समुद्राशी काय करायचे आहे?” प्रश्न सरळ आहे. छत्रपती संभाजीनगरपासून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादपासून, समुद्र दोनशे मैलांवर आहे. गलबत पाहिलेले नाही, भरती-ओहोटी ठाऊक नाही, अशी माणसे आमच्याकडे पुष्कळ सापडतील. तथापि इतिहास काही वेगळेच सांगतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनात आमच्या पैठणचे नाव आहे. पैठणचे मौल्यवान दगड आणि तेरचे कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात असे, असे तो सांगतो. त्याने आणखी एक गोष्ट नमूद केली आहे. कल्याणला एखादे ग्रीक जहाज चुकून लागलेच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेले जाई. म्हणजे युद्ध पेटले की पहिल्याने बंदराचा गळा आवळायचा, ही रीत दोन हजार वर्षांची आहे. आणि तो फास पैठणच्या बाजारपेठेलाही जाणवत असला पाहिजे, हे उघड आहे.

हा किनारा पुढे मराठ्यांनी राखला. शिवाजी महाराजांनी १६७९ साली मुंबईच्या तोंडाशी असलेले खांदेरी बेट बळकावून तटबंदी घातली, आणि इंग्रजांना ते काही केल्या परत घेता आले नाही. कान्होजी आंग्र्यांच्या हयातीत इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी १७२१ साली एकजुटीने कुलाब्यावर चाल केली, तीही फसली. मग हा किनारा उघडा कोणी पाडला? त्याचे उत्तर कटू आहे. तुळाजी आंग्र्यांशी वैर पडल्यामुळे पेशव्यांनी इंग्रजांचा हात धरला. १७५५ साली सुवर्णदुर्ग पडला. १७५६ च्या फेब्रुवारीत अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या, तेव्हा आंग्र्यांचे आरमार नांगरल्या जागी जळून खाक झाले. घरचे भांडण मिटविण्यासाठी परक्याला बोलावले, आणि त्याने घराचे दारच काढून नेले. त्यानंतर या किनाऱ्याचे रक्षण ही दुसऱ्याच्या मर्जीची बाब झाली.

त्या मर्जीची किंमत पहिल्या महायुद्धात कळली. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एम्डेन’ ही जर्मन क्रूझर मद्रासपुढे येऊन उभी राहिली आणि तिने सव्वाशेच्या आसपास गोळे टाकले. तेलाच्या टाक्या पेटल्या, आणि शहरातून माणसांचे लोंढे बाहेर पडू लागले. ९ नोव्हेंबर रोजी कोकोस बेटांपाशी ‘सिडनी’ या ऑस्ट्रेलियन जहाजाने एम्डेनचा निकाल लावला. पण अवघ्या अर्ध्या तासाच्या त्या भडिमाराने इंग्रजी आरमाराच्या अजिंक्यपणाची कथा हिंदुस्थानच्या मनातून पुसली गेली. तमिळ भाषेत ‘एम्डेन’ हा शब्द धाडसी, बिलंदर माणसाला अजूनही लावतात. शब्दकोशात जाऊन बसणारे पराभव सरकारी खलित्यांनी धुऊन निघत नाहीत.

त्याच वर्षाच्या नाताळात युरोपात एक नवे पर्व सुरू झाले. २५ डिसेंबर १९१४ रोजी इंग्रजांच्या तीन जहाजांवरून पाण्यावर उतरणारी सात विमाने उडाली आणि कुक्सहाफेनकडील जर्मन हवाई जहाजांच्या तळाचा शोध घेत गेली. धुक्यामुळे प्रत्यक्ष नुकसान क्षुल्लक झाले. पण जहाजाने विमान पोटाशी घेऊन शत्रूच्या किनाऱ्याशी जावे आणि विमानाने किनारा ओलांडून आत शिरावे, ही युक्ती जगाला कळली. तोवर तोफेचा गोळा जेथवर जाई तेथवर समुद्राची सत्ता असे. आता ती मर्यादा उरली नाही.

हेच नवे शस्त्र बाळगणारे एक जहाज मुंबईच्या दाराशी येऊन गेले होते, ही गोष्ट आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत आहे. त्याचे नाव ‘वोल्फ’, म्हणजे लांडगा. मूळची ती हान्सा कंपनीची मालवाहू आगबोट. याच कंपनीच्या बोटी हिंदुस्थानच्या बंदरांशी व्यापार करीत. वरून व्यापारी बोट, आत लपविलेल्या तोफा, साडेचारशेहून अधिक पाणसुरुंग आणि एक छोटे विमान, असा तिचा संसार होता. विमानाचे लाडके नाव ‘व्योल्फखेन’, अर्थात लांडग्याचे पिल्लू. कप्तान नेर्गर याने ३० नोव्हेंबर १९१६ रोजी कील बंदर सोडले, आफ्रिकेच्या दक्षिण टोकापाशी सुरुंग पेरले, आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये कोलंबोपुढे व मुंबईपुढे तेच काम रात्रीच्या अंधारात उरकले.

पाणसुरुंगाची रचना समजून घेण्यासारखी आहे. तो तळाशी टाकलेल्या वजनाला तारेने बांधलेला असतो आणि पृष्ठभागाखाली काही हातांवर तरंगत राहतो. त्याला शिंगे असतात. बोटीचा तळ शिंगाला लागला की आतली काचेची नळी फुटते, तीतील रसायनाने वीज उत्पन्न होते आणि स्फोट होतो. पेरणारा तोवर हजारो मैल दूर गेलेला असतो. तोफेचा धूर दिसतो, विमानाचा आवाज ऐकू येतो. येथे मात्र शत्रू दिसतच नाही.

मुंबईपुढे पेरलेल्या सुरुंगांचे मोठे पीक पावसाळ्याच्या तोंडावर आले. जून १९१७ मध्ये ‘सिटी ऑफ एक्सेटर’ फुटूनही कशीबशी बंदरात पोहोचली. ‘क्रॉक्सटेथ हॉल’ बुडाली. २३ जून रोजी पी. अँड ओ. कंपनीची ‘मंगोलिया’ ही टपालाची मोठी आगबोट मुंबईपासून सुमारे पन्नास मैलांवर सुरुंगावर आदळली आणि पाव तासाच्या आत तळाला गेली. वीसहून अधिक माणसे दगावली. जुलैअखेर ‘ओखला’ गेली.

या काळातले अधिकाऱ्यांचे वर्तन आम्हाला विशेष विचार करण्यासारखे वाटते. शत्रूचे जहाज आपल्या दारापर्यंत येऊन जाते, हे कबूल करणे कोणत्याच सरकारला रुचत नाही. ऑस्ट्रेलियाच्या गॅबो बेटापाशी याच लांडग्याच्या सुरुंगाने ‘कंबरलँड’ बोट फुटली, तेव्हा चौकशीचा पहिला निष्कर्ष असा निघाला की स्फोट बोटीच्या आत झाला. संशय गेला तो तिथल्या मजूर चळवळीतल्या जहाल मंडळींवर! पुढे समुद्रात सुरुंग सापडले तेव्हा खरे काय ते कळले. बाहेरचा शत्रू दिसेनासा झाला की सत्ता घरातला शत्रू शोधू लागते, आणि तो शोध बहुधा गोदीतल्या हमालापाशी येऊन थांबतो. युद्धकाळी काही बातमी राखावी लागते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु राखलेल्या बातमीच्या जागी संशय पेरला, तर तोही सुरुंगच असतो; आणि तो आपल्याच बंदरात असतो.

पिल्लाचा पराक्रम पुढे पॅसिफिकमध्ये दिसला. २ जून १९१७ रोजी केरमाडेक बेटांपाशी वोल्फ दुरुस्तीसाठी उभी असता ‘वैरुना’ ही बोट जवळून चालली होती. विमानाने तिच्यावर चिठ्ठी टाकली, की बिनतारी यंत्र न वापरता मुकाट्याने आमच्याकडे या. मग इशारा म्हणून पुढ्यात एक बॉम्ब टाकला. वैरुना शरण आली. अखेर ४५१ दिवसांचा प्रवास करून, चारशेहून अधिक कैद्यांसह, २४ फेब्रुवारी १९१८ रोजी नेर्गर कीलला परतला. वाटेत एकदाही त्याने मित्रबंदर गाठले नव्हते.

नेर्गरच्या कौशल्याची वाखाणणी पुष्कळ झाली. पण त्या आगबोटींच्या पोटात कोण होते, हे विचारणारे थोडे. पी. अँड ओ.च्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे व गुजरात किनाऱ्याचे खलाशी आणि भोजनगृहात गोव्याची माणसे, ही जुनी वहिवाट होती. युद्ध त्यांचे नव्हते, जहाज त्यांचे नव्हते. मरण तेवढे त्यांचे होते. मुंबईच्या मसजिद बंदरातील खलाशीगृहात त्या युद्धात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. त्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही. आम्ही मुंबईला जातो, राणीचा बाग पाहतो, चौपाटीवर भेळ खातो. त्या स्मारकापाशी किती जण गेलो?

पुढची कथा परिचित आहे. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानवाहू जहाजावरील विमानांनी विशाखापट्टणम आणि काकिनाडा यांवर बॉम्ब टाकले. कुक्सहाफेनचा प्रयोग अठ्ठावीस वर्षांत आमच्या अंगणात आला. आणि १९७१ च्या डिसेंबरात चित्र पालटले. स्वतंत्र भारताच्या ‘विक्रांत’वरून उडालेल्या विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला चढविला, क्षेपणास्त्र-नौकांनी कराची बंदर पेटविले. पण ९ डिसेंबरला ‘खुकरी’ बुडाली, आणि समुद्र कोणालाही कायमचा मालक मानीत नाही, याची आठवण राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत शिरलेले मारेकरी समुद्रातूनच आले, आणि कोळ्यांच्या वस्तीपाशी उतरले. त्या अनोळखी पोरांकडे पाहून ज्यांना पहिल्याने शंका आली, ती तिथलीच साधी माणसे होती.

यातून आम्हाला एवढेच सुचवायचे आहे. किनारा तोफांनी राखला जातो, तसा तो तेथील माणसांच्या डोळ्यांनी राखला जातो. आणि त्या डोळ्यांवर भरवसा ठेवणारे राज्य असेल तरच ते उघडे राहतात. १७५६ साली आपण आपले आरमार आपल्याच हाताने जाळू दिले. १९१७ साली आपली माणसे दुसऱ्याच्या बोटीत बुडाली, आणि त्यांची नावेही आपल्याला ठाऊक झाली नाहीत. मराठवाड्याचा कापूस मनमाडवरून मुंबईच्या गोदीत जात होता, त्या गोदीच्या तोंडाशी सुरुंग होते. तेव्हा समुद्र दोनशे मैलांवर आहे, हे आमच्या स्नेह्यांचे म्हणणे भूगोलापुरते खरे आहे. इतिहासाच्या दृष्टीने तो गोदावरीच्या घाटाशीच येऊन टेकलेला आहे.