स्वरतंतू हलवतं कोण?

(तळोदा येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

श्रोतेहो, गळ्यावर बोट ठेवून आधी 'सऽऽ' म्हणा, मग 'मऽऽ'. दुसऱ्या वेळी बोटाला कंप जाणवतो. कंठ उघडा असेल तर श्वास, मिटला तर नाद, हा भेद तैत्तिरीय प्रातिशाख्यात नोंदलेला आहे. व्याकरणातले अघोष आणि घोष ते हेच. पण मिटलेला कंठ थरथरतो कशानं, हा प्रश्न पुढचा. आज आपण त्याचाच इतिहास पाहू.

1741 मध्ये पॅरिसच्या आंत्वान फेरँ यांनी मृत प्राण्यांच्या आणि माणसांच्या स्वरयंत्रांत हवा फुंकली, आणि आवाज निघाला! हवा म्हणजे व्हायोलिनचा गज आणि कंठातले पट म्हणजे तारा, असं त्यांना वाटलं. 'स्वरतंतू' या शब्दातला तंतू तिथला. वास्तविक त्या तारा नाहीत, मऊ घड्या आहेत.

1950 मध्ये पॅरिसच्याच राउल ह्युसाँ यांनी उलट मत मांडलं. प्रत्येक कंपनामागे मज्जातंतूचा स्वतंत्र हुकूम असतो, असं ते म्हणाले. पुरुषाच्या बोलण्यात सेकंदाला साधारण 120 कंपनं होतात, स्त्रीच्या बोलण्यात 200. म्हणजे मेंदूनं तितके हुकूम सोडायचे. पण मृत कंठाला हुकूम देणारा मेंदू कुठला? 1958 मध्ये हॉलंडच्या व्हान डेन बेर्ख यांनी सविस्तर मांडलं की स्नायू घड्या जवळ आणतात, ताणतात. हलवते ती हवा.

ते गणितात बसेल का? 1972 मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या इशिझाका आणि फ्लॅनगन यांनी प्रत्येक घडीच्या जागी स्प्रिंगनं जोडलेली दोन वजनं कल्पिली, एक खाली, एक वर. फुफ्फुसातल्या हवेचा दाब संगणकाला दिला. घड्या आपोआप थरथरू लागल्या.

दोनच वजनं का, बरं का? वेगानं जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, म्हणून घड्या ओढल्या जातात, असं सांगतात. खरं आहे, पण अपुरं. झोपाळा जाताना जितका पुढे ढकलला, तितकाच येतानाही पुढेच ढकलला, तर मिळवलेलं परत जातं. घडीची खालची कड आधी उघडते, वरची मागून. त्यामुळे उघडताना दाब जास्त, मिटताना कमी. हवेचा धक्का वेळेवर बसतो आणि झोका चालू राहतो.

आता तत्त्वज्ञानाचा मुद्दा. संगणकानं 'हेच घडतं' असं सिद्ध केलं नाही. 'एवढं पुरतं' हे दाखवलं. पण त्यानं दर कंपनाला मेंदूचा हुकूम अनावश्यक ठरला. 'मी बोलतो' म्हणताना आपण फक्त सिद्धता करतो. बाकी हवा आणि मांस आपसांत उरकतात.

आज हजारो लहान तुकड्यांची प्रारूपं करून एका बाजूची घडी लुळी पडली तर काय होईल, तेही तपासतात. हे दूरचं नाही. वर्गात बाईंचा आवाज तासभर अखंड लागला, तर घड्या 7,20,000 वेळा एकमेकींवर आदळतात. आपल्या तळोद्यात भिली, अहिराणी, गुजराती, मराठी, सगळ्या भाषा याच दोन घड्यांवर उभ्या आहेत. आवाज बसला, तर ओरडून तो मोकळा होत नाही. घड्यांना विश्रांती द्या. दोन-तीन आठवड्यांत सुधारला नाही, तर डॉक्टरांना कंठ दाखवा.