ओरत्तनाडूच्या छत्रातील बाळंतीण

तंजावराहून दक्षिणेस पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वीस-पंचवीस किलोमीटरांवर, ओरत्तनाडु नावाचे गाव लागते. काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वराकडे निघालेल्या यात्रेकरूंची पावले शतकानुशतके या प्रदेशातून गेली आहेत. याच गावी, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी एक विशाल छत्र बांधिले. त्यास मुक्तांबेचे नाव दिले, आणि गावासही मुक्तांबापुरम् असे दुसरे नाव पडले. मुक्तांबेवर सरफोजींची अत्यंत प्रीती होती. परंतु ती त्यांची विवाहित राणी नव्हती. ती अल्पवयात वारली, आणि आपल्या नावे वाटसरूंसाठी एक छत्र असावे ही तिची अखेरची इच्छा होती, असे परंपरा सांगते.

छत्र म्हटले म्हणजे महाराष्ट्रातील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे जेवणाच्या पंगती उभ्या राहतात. तंजावरची छत्रे केवळ अन्नछत्रे नव्हती. ती काय होती, हे एका राजकीय पत्रातून कळते, आणि त्या पत्राचा प्रसंगही ध्यानी घेण्याजोगा आहे. १७९८ साली सरफोजी गादीवर आले. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाच्या वाट्यास तंजावरचा किल्ला, उत्पन्नाचा पाचवा हिस्सा आणि सालिना एक लक्ष होनांची नेमणूक एवढेच उरले. अशा वेळी, १८०१ च्या आरंभी, या तरुण राजाने कंपनीच्या रेसिडेंटास पत्र लिहून एक आर्जव केले. ते सैन्यासाठी नव्हते, की मुलुखासाठी नव्हते. वाडवडिलांनी घातलेली छत्रे व त्यांस लावून दिलेली गावे यांस धक्का लागू नये, एवढेच त्याचे मागणे होते.

छत्रांत काय चालते, याचे सविस्तर वर्णन त्या पत्रात आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व वाटसरूंस, जोगी-जंगमांस आणि फकिरांस तेथे अन्न मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे, असा पुकारा होई. अनाथ मुलांचे शिक्षण होई. रोगावर आणि विषावर उपचार करणारे वैद्य नेमलेले असत. आजारी पडलेल्या प्रवाशास औषध आणि पथ्याचे अन्न देऊन तो बरा होईपर्यंत त्याची शुश्रूषा केली जाई. तान्ह्या मुलांस दूध मिळे. गर्भवती स्त्रियांची वास्तपुस्त होई. एखादी छत्रातच प्रसूत झाली, तर त्याचा खर्च छत्र सोशी, तिला योग्य ते औषध दिले जाई, आणि प्रसूतीनंतर तीन महिनेपर्यंत तिला तेथे राहण्याची मुभा असे.

राज्य गमावलेल्या राजाने परक्या सत्ताधाऱ्यास लिहिलेल्या पत्रात वाटेवरच्या बाळंतिणीची आठवण ठेवावी, ही गोष्ट इतिहासात विरळा. छत्रे सरफोजींकडेच राहिली, आणि मुक्तांबेचे छत्र याच रीतीच्या परंपरेत उभे राहिले.

या रीतीतील एक विचार नीट पाहण्यासारखा आहे. औषध, पथ्य, विसावा आणि देखरेख या चार गोष्टी तिथे एकाच छपराखाली होत्या. औषध देणाऱ्यास ही स्त्री बाळंतीण आहे, तिच्या अंगावर मूल पीत आहे, हे सांगावे लागत नसे. ते त्याला समोर दिसत असे. आईला दिलेले औषध मुलापर्यंत पोहोचते, हे आपल्या वैद्यकास पूर्वीच ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मुलांचे तीन प्रकार केले आहेत: केवळ दुधावरचे, दूध आणि अन्न दोन्ही घेणारे, आणि केवळ अन्न खाणारे. पहिल्या दोन प्रकारच्या मुलांच्या आजारात दूध पाजणारीसही औषध द्यावे, तिसऱ्यात फक्त मुलास द्यावे, असा तेथे दंडक आहे. जे औषध आईच्या दुधातून गुण म्हणून उतरते, ते दोष म्हणूनही उतरू शकते, हे यातून ओघानेच येते.

सरफोजींचा वैद्यकाचा व्यासंग एका परंपरेपुरता नव्हता. तंजावरच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्य या चारही पद्धतींचा अभ्यास चाले. नेत्ररोग्यांची सचित्र टिपणे तेथे ठेवलेली आढळतात. अनुभवास उतरलेले औषधयोग तमिळ पद्यात बांधून ठेवले गेले. ते ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने पुढे सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रसिद्ध केले. पारखून घ्यावे, आणि पारखलेले लिहून ठेवावे, ही या राजाची दृष्टी होती.

आज ओरत्तनाडूत काय किंवा साताऱ्यात काय, बाळंतिणीचे डोके दुखू लागले तर घरातील कोणी तरी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाते आणि चिठ्ठीवाचून गोळी घेऊन येते. दुकानदारास बाळंतीण दिसत नाही, मूलही दिसत नाही. छत्रातील देखरेखीचा धागा येथे तुटतो. मग दोन चुका संभवतात. एक, वाटेल ती गोळी घेणे. दुसरी, भीतीने औषधच टाकणे, किंवा औषध घेतले म्हणून मुलाचे दूध तोडणे. दुसरी चूक सावधपणाची वाटते, पण तिने मूल विनाकारण उपाशी राहते आणि आईचे दूध आटते.

आधुनिक शास्त्र सांगते ते असे. बहुतेक औषधे दुधात उतरतात, पण फार थोडी. मुलाच्या वजनाच्या मानाने आईच्या मात्रेच्या दहा टक्क्यांहून कमी औषध त्याला पोहोचत असेल, तर ते सामान्यतः स्वीकारार्ह मानतात. ताप व अंगदुखीवर पॅरासिटॅमॉल आणि आयब्युप्रोफेन ही दोन्ही अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस योग्य मात्रेत चालतात. मात्र पॅरासिटॅमॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या ही चोवीस तासांची कमाल मर्यादा आहे, आणि कृश स्त्रीस ती त्याहूनही कमी असते. सर्दीच्या मिश्र गोळीतही बहुधा तेच औषध असते, हे विसरले की मात्रा नकळत दुप्पट होते. आयब्युप्रोफेन हे जठरव्रण, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणारीने विचारल्यावाचून घेऊ नये. वेदनेसाठी ॲस्पिरिन टाळावे. नाक मोकळे करणाऱ्या स्युडोएफेड्रिनने दूध घटते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६० मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेने दिवसाचे दूध सुमारे चोवीस टक्क्यांनी कमी झाले. गुंगी आणणारी सर्दीची औषधे मुलासही सुस्त करू शकतात.

सर्वांत कठोर धडा कोडीनने शिकविला. कॅनडातील टोरांटो येथे २००५ साली जन्मलेले एक मूल तेराव्या दिवशी दगावले. त्याची आई प्रसूतीच्या वेदनांसाठी कोडीनमिश्रित गोळ्या घेत होती, आणि तिच्या शरीरात कोडीनचे मॉर्फिनमध्ये रूपांतर अतिवेगाने होत होते, असा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. या निष्कर्षाच्या तपशिलावर पुढे वाद झाले. तरी २०१७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी कोडीन व ट्रॅमाडॉल घेऊ नये असे बजाविले. अपुऱ्या दिवसांच्या आणि पहिल्या दोन महिन्यांतील मुलाचे यकृत व मूत्रपिंड अपक्व असतात. म्हणून धोका तेथे अधिक. मूल नेहमीपेक्षा गुंगलेले दिसले, नीट ओढीनासे झाले किंवा त्याचा श्वास मंदावला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

परंपरेचे म्हणून जे विकले जाते, तेही डोळे झाकून घेण्यासारखे नसते. २००४ साली बोस्टन परिसरातील दुकानांत मिळणारी ७० आयुर्वेदिक औषधे तपासली, तेव्हा त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल सापडला. आजीच्या हातची अळिवाची खीर वेगळी, आणि घटकांची नोंद नसलेली पुडी वेगळी.

छत्रातील तीन महिन्यांचा विसावा पुढे दुसऱ्या रूपाने परत आला. मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूतिसाहाय्याचा कायदा झाला. त्याच्या विधेयकास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात पाठिंबा दिला होता. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने बारा आठवड्यांची, आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा नोकरदार स्त्रीस मिळाली. विसावा कायद्याने देता येतो. देखरेख मात्र माणसालाच करावी लागते. गोळी आणावयास जाणाऱ्याने दुकानात दोन गोष्टी आधी सांगितल्या, की औषध अंगावर पाजणाऱ्या स्त्रीसाठी आहे आणि मूल अमुक दिवसांचे आहे, तर तुटलेला धागा पुष्कळसा जुळतो. औषध शक्यतो एकाच घटकाचे, थोड्या दिवसांपुरते घ्यावे, आणि शंका असेल तेथे डॉक्टरांस विचारावे.

मध्यरात्री छत्रात घंटा वाजे ती न जेवलेल्यांसाठी. ज्याची भूक कोणास दिसत नाही, त्याची विचारपूस आपण होऊन करावी, हा तिचा अर्थ. बाळंतिणीसाठी गोळी मागणाऱ्यास ‘मूल अंगावर पिते का?’ असा प्रश्न दुकानदाराने आपण होऊन विचारला, तर मुक्तांबेच्या छत्रातील रीत त्या फळीशी पाळली गेली असे म्हणता येईल.