फिजिबिलिटी नाही, १८८१ पासून!

तर झालं असं, की दिवाळीला चांदवडला घरी गेलो होतो. आमचं घर गावात नाही, मळ्यात. आग्रा रोडपासून साधारण दोन किलोमीटर आत. म्हटलं, इथे फायबरचं कनेक्शन घेतलं तर महिन्यातले आठ-दहा दिवस आई-बाबांजवळ राहून काम करता येईल. एका कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमच्या एरियात फिजिबिलिटी नाही."

बाबा कांद्याच्या चाळीतून म्हणाले, "लँडलाइनच्या वेळी पण हेच ऐकलंय. फक्त तेव्हा हा इंग्रजी शब्द नव्हता."

डोकं फिरलं. आणि डोकं फिरलं की मी इतिहास वाचत बसतो. मंडळी, ही गोष्ट पार १८८० पर्यंत मागे जाते!

त्या वर्षी ओरिएंटल टेलिफोन कंपनी आणि अँग्लो-इंडियन टेलिफोन कंपनी या दोघींनी हिंदुस्थान सरकारकडे टेलिफोन एक्स्चेंज काढायची परवानगी मागितली. सरकार म्हणालं, नाही, हा आमचा एकाधिकार, आम्हीच करू. १८८१ मध्ये यू-टर्न! ओरिएंटलला परवाना मिळाला. कुठे? कलकत्ता, मुंबई, मद्रास आणि अहमदाबाद. २८ जानेवारी १८८२ ला कलकत्त्याचं एक्स्चेंज सुरू झालं, ९३ ग्राहकांवर. मुंबईचंही त्याच वर्षी.

चार शहरंच का? हिशोब साधा आहे. प्रत्येक ग्राहकाला एक्स्चेंजपासून स्वतंत्र तार लागते. फोर्टात ती एका गल्लीत संपते, आमच्या मळ्यापर्यंत दोन किलोमीटर खांब रोवावे लागतात. खर्च तारेच्या लांबीवर, भाडं मात्र दर ग्राहकामागे. कुठलीही कंपनी फोर्टातच जाणार. त्यात तिचा दोष नाही.

पण अट घालायचं पेन सरकारच्या हातात होतं. १८८५ च्या तार कायद्याच्या कलम ४ ने तारायंत्रणेचा एकाधिकार सरकारला दिला, आणि अटी घालून, शुल्क घेऊन दुसऱ्याला परवाना द्यायची मुभाही. टेलिफोनही याच कायद्यात आला. तरी मुंबईत बॉम्बे टेलिफोन कंपनीच काम करत राहिली, ती सरकारने थेट १९४३ मध्ये विकत घेतली. पुढची पन्नास वर्षं सगळं सरकारी. आता नकाशात अख्खा देश आला, पण पैसा तुटपुंजा. त्यामुळे नाव नोंदवा आणि वाट बघा! आमच्याकडे लँडलाइन आला तेव्हा मी बालवाडीत होतो.

मग आलं १९९४ चं दूरसंचार धोरण आणि खासगी कंपन्या परतल्या. या वेळी परवाना शहराचा नाही, अख्ख्या सर्कलचा. महाराष्ट्र सर्कलचा लँडलाइनचा परवाना १९९७ मध्ये ह्यूजेस-इस्पातला मिळाला (पुढे २००२ मध्ये ही कंपनी टाटांकडे गेली). म्हणजे कागदावर चांदवडही आलं! अशा परवान्यांत खेड्यांमध्ये सार्वजनिक फोन बसवायची अटसुद्धा होती. पण देशभर खासगी कंपन्या त्या अटीत फार मागे पडल्या. कारण परवाने लिलावाने दिले होते. कमाई होवो न होवो, ठरलेली फी भरायचीच. डोक्यावर एवढं ओझं असलेला माणूस आधी मळ्यात खांब रोवेल की जिथे पैसा लवकर सुटतो तिथे जाईल?

सरकारलाही हे कळलं. १९९९ च्या धोरणाने ठरलेली फी काढून महसुलातला वाटा घेणं सुरू केलं. २००२ पासून त्या महसुलातले ५ टक्के खेड्यांतल्या सेवेसाठीच्या वेगळ्या निधीकडे वळवायचं ठरलं. याच निधीतून २०११ मध्ये मंजूर झालेली ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना आली, तीच पुढे भारतनेट झाली. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्याने त्या निधीचं नाव डिजिटल भारत निधी केलं आणि १८८५ च्या आजोबांना निवृत्त करायची सोयही केली.

हे सगळं वाचल्यावर माझं एक मत झालं. आपण सरकारी चांगलं की खासगी यावर तासन् तास भांडतो. पण मळ्यातल्या माणसासाठी प्रश्न दोनच आहेत. परवान्याच्या नकाशात मी आहे का? आणि माझ्यापर्यंतच्या तारेचे पैसे कुणाच्या खात्यावर लिहिलेत? १८८१ मध्ये आम्ही नकाशातच नव्हतो. १९९७ मध्ये नकाशात होतो, पण खर्चाचा मेळ नव्हता. आता निधी आहे, पण योजना मोजते ती ग्रामपंचायत. तिथून मळ्यापर्यंतचे दोन किलोमीटर कुणाचे, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

हे सगळं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "चारी मी खणून देतो. वायर कोण देतंय तेवढं विचार."

विचारतोय. तोवर मोबाइलचं हॉटस्पॉट आहेच, गच्चीवर दोन काड्या रेंज येते. असो. भेटू पुढच्या शनिवारी!